निवड न करण्याची किंमत

२०२१ या एका वर्षात गुगलने २,६३० कोटी डॉलर एका साध्या गोष्टीसाठी मोजले. तुम्ही नवा फोन किंवा ब्राउझर उघडाल, तेव्हा शोधाच्या चौकटीमागे आपणच असावं, यासाठी. यातला सगळ्यात मोठा वाटेकरी ॲपल. २०२२ साली एकट्या ॲपलच्या पदरात सुमारे २,००० कोटी डॉलर पडले. हे आकडे कुणा विरोधकाने पसरवलेले नाहीत. अमेरिकी सरकारने गुगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात ते न्यायालयासमोर आले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की शोधाच्या बाजारातली मक्तेदारी गुगलने बेकायदा मार्गांनी टिकवली.

गुगलचं काम चांगलं आहे, हे मान्यच. मग इतकं चांगलं असताना दरवर्षी एवढी रक्कम मोजायची कशाला? कारण कंपनीला आपली एक सवय पक्की ठाऊक आहे. समोर आलेलं आपण वापरतो. सेटिंगमध्ये कोणी जात नाही. आपण कोणतीही निवड न करणं ही बाजारात विकली जाणारी वस्तू आहे आणि तिचे पैसे तिसराच माणूस घेतो.

आपल्याकडेही हे प्रकरण झालं, पण त्याची चर्चा चार दिवसांत विरली. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानेही दंड कायम ठेवला. मधल्या काळात, जानेवारीत, गुगलने जाहीर केलं की भारतात नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडण्याची सोय दिली जाईल. किती जणांनी खरोखर निवडलं? आपला नवा फोन बहुतेक वेळा दुकानातला मुलगा सुरू करून देतो. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, ॲलाऊ, ॲलाऊ’ करत तो दोन मिनिटांत मोकळा होतो. आयोगाने वर्षानुवर्षं भांडून मिळवलेला हक्क काउंटरवर त्याच्या अंगठ्याखाली संपतो.

तो हक्क वापरायचा म्हटलं, तर पर्याय काय? आज एकाच पर्यायाबद्दल लिहितो: इकोसिया. बर्लिनची कंपनी. जाहिरातींतून मिळालेला नफा झाडांना आणि हवामानाच्या कामाला देणारं सर्च इंजिन. मी ते वापरतो आणि तुम्हीही वापरावं असं मला वाटतं. पण ‘शोधा आणि झाड लावा’ एवढ्या गोड वाक्यावर विसंबून नव्हे. त्या वाक्यामागे अधिक महत्त्वाच्या गोष्टी आहेत आणि काही खटकणाऱ्याही आहेत.

आधी मूळ. ख्रिस्तियान क्रोल हा विटेनबर्गचा तरुण. व्यवसाय-व्यवस्थापन शिकला आणि जग हिंडायला निघाला. नेपाळमध्ये राहून त्याने तिथल्या संस्थांना पैसा मिळवून देणारं सर्च इंजिन काढायचा प्रयत्न केला. तो फसला. दक्षिण अमेरिकेत जंगलतोड पाहिली. मग ७ डिसेंबर २००९ रोजी, कोपनहेगनची हवामान परिषद सुरू झाली त्याच दिवशी, इकोसिया सुरू केलं. कल्पना सरळ होती. सर्च इंजिनचा पैसा जाहिरातीतून येतो. तोच पैसा जंगलाकडे वळवायचा.

या कंपनीने केलेली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या मते झाडं लावणं नाही. ती २०१८ साली कागदावर घडली. क्रोल आणि त्याचा भागीदार टिम शूमाखर यांनी कंपनीची मालकी अशी बांधून टाकली की ती कुणाला विकता येणार नाही आणि मालकांना नफा घरी नेता येणार नाही. पर्पज फाउंडेशन नावाच्या संस्थेकडे नकाराधिकार दिला. उद्या क्रोलचं मन बदललं, तरी त्याला हे मोडता येणार नाही. देवस्थानची इनाम जमीन पुजाऱ्याला विकता येत नाही, तशी ही व्यवस्था आहे. वहिवाट करा, उत्पन्नावर देवाचं काम चालवा, पण सातबारा आपल्या नावावर करून घेऊ नका.

हे का महत्त्वाचं, ते व्हॉट्सॲप वापरणाऱ्या प्रत्येकाला कळेल. जाहिराती दाखवणार नाही, असं संस्थापकांनी छातीठोक सांगितलं होतं. २०१४ मध्ये त्यांनी कंपनी फेसबुकला १,९०० कोटी डॉलरना विकली. २०१६ मध्ये ग्राहकांची माहिती फेसबुककडे वळू लागली. जून २०२५ मध्ये स्टेटसच्या पानावर जाहिराती येणार, असं जाहीर झालं. संस्थापक खोटं बोलले असं मी म्हणत नाही. मालक बदलला की शब्दाला किंमत उरत नाही, एवढंच. म्हणून कोणत्याही ‘चांगल्या’ कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारावा: तुम्हाला विकत घेता येतं का? इकोसियाचं उत्तर ‘नाही’ आहे. शिवाय दर महिन्याला किती पैसा आला, किती झाडांना गेला, किती पगारांना, किती प्रचाराला, याचा हिशोब ते जाहीर करतात. आपल्याकडे किती संस्था दर महिन्याला असा हिशोब मांडतात?

आता झाडं. इथे मराठी वाचक भुवया उंचावणार आणि त्याचं बरोबरच आहे. वृक्षलागवडीच्या आकड्यांनी आपण पोळलो आहोत. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांची राज्याची उद्दिष्टं आपण पाहिली. पुढे त्याच ३३ कोटींच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समितीही पाहिली. मंत्री येतात, रोप लावतात, फोटो निघतो. पुढच्या जुलैत तोच खड्डा आणि नवं रोप. त्यामुळे बर्लिनची एखादी कंपनी २० कोटींहून अधिक झाडं लावल्याचं सांगते, तेव्हा विचारायचं तेच, जे आपण आपल्या वनखात्याला विचारतो. कोणतं झाड? कुणाच्या जमिनीवर? पहिल्या तीन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार? शेरडांपासून कोण राखणार?

या प्रश्नांना बुर्किना फासोमध्ये जे उत्तर मिळालं, ते महाराष्ट्रातल्या दुष्काळी पट्ट्याला आपलं वाटेल असं आहे. सहाराच्या दक्षिणेला साहेल नावाचा पट्टा आहे. तिथली जमीन ऊन आणि चराईने इतकी कडक होते की वरच्या थराचं कवच बनतं. पाऊस पडतो, पण आत मुरत नाही. वरच्यावर वाहून जातो आणि जाताना उरलीसुरली माती घेऊन जातो. तिथे इकोसियाच्या पैशातून अर्धचंद्राच्या आकाराचे खड्डे खोदले गेले. उताराला आडवे, काढलेल्या मातीचा बांध खालच्या बाजूला. धावणारं पाणी त्या ओंजळीत थांबतं. मग त्यात तिथल्याच गवताचं आणि झाडांचं बी पेरायचं. आधी गवत येतं, मग झाड. गवत गुरांना मिळतं, म्हणून गावाला त्या जमिनीची राखण करावीशी वाटते.

समतल चर खोदणाऱ्या, हिवरे बाजार पाहून आलेल्या, माण-खटावच्या उतारांवर उन्हाळ्यात श्रमदान केलेल्या माणसाला यात काय नवीन आहे? काहीच नाही, आणि म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसतो. आधी पाणी थांबवायचं, मग झाड. हे ज्याला कळलं त्याला काम कळलं. बुर्किना फासोत हे ज्ञान बर्लिनहून आलेलं नाही. तिथल्या याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने ‘झाय’ नावाची जुनी खड्ड्यांची पद्धत १९८०च्या दशकात पुन्हा जिवंत केली. उन्हाळ्यातच खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत घालायचं. वाळवी येते, जमीन पोखरते, आणि त्या पोखरलेल्या वाटांनी पहिल्या पावसाचं पाणी आत उतरतं. शेजाऱ्यांनी त्याला वेडा ठरवलं होतं. पुढे उजाड माळावर त्याने जंगल उभं केलं. २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला, २०२३च्या डिसेंबरात तो गेला. झाडं लावणाऱ्या कंपन्यांचं कौतुक करताना अशा माणसांचं नाव आधी घ्यायला हवं. पैसा कुठूनही येईल. जमीन कशी बोलते, ते तिथल्याच माणसाला कळतं.

इकोसियाच्याच एका जुन्या हिशोबाप्रमाणे सरासरी ४५ शोधांमागे एका झाडाचा पैसा जमतो. सरासरी, हे नीट लक्षात घ्या. नुसतं शोधल्याने काही जमत नाही. मुख्यतः कुणीतरी जाहिरातीवर क्लिक केलं, की पैसा. ‘गणपती आरती’ शोधलीत तर बहुधा शून्य, विमानाचं तिकीट किंवा विमा शोधून जाहिरातीवर गेलात तर काही पैसे. जाहिरात रोखणारं साधन लावून इकोसिया वापरणारा माणूस झाडासाठी जवळपास काहीच देत नाही. मनाचं समाधान तेवढं घेतो. इथे एक खोल विसंगती आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. खरेदीच्या हावेतून येणाऱ्या पैशावर जंगल उभं राहतं आहे. विमानाच्या तिकिटाच्या जाहिरातीतून आलेलं रोप त्या विमानाचा धूर लवकर पिणार नाही. झाड लावलं म्हणून उडायला मोकळे, असं कुणी समजत असेल तर त्याने इकोसिया वापरूच नये.

नुसती झाडं लावणं पुरेसं नाही, हे कंपनीलाही कळत असावं, असं मानायला जागा आहे. २०१८ साली जर्मनीत हाम्बाखचं जुनं जंगल कोळशाच्या खाणीसाठी तोडलं जाणार होतं. आरडब्ल्यूई या वीज कंपनीला इकोसियाने ते जंगल विकत मागितलं, दहा लाख युरो देऊ केले. वीज कंपनीने ते घेतले नाहीत. जंगलासाठीचं आंदोलन चालूच राहिलं आणि पुढे कोळसा बंद करण्याच्या सरकारी निर्णयात ते जंगल वाचलं. नवी रोपं लावणाऱ्याने उभं जंगल तोडणाऱ्यासमोर उभं राहायला हवं. मुंबईत मेट्रोसाठी आरेतली झाडं तोडली, त्या वेळी आपल्याकडे किती ‘हरित’ कंपन्या रस्त्यावर दिसल्या, ते आठवून पाहा.

आता खासगीपणा. मला हा मुद्दा झाडांइतकाच जिव्हाळ्याचा वाटतो.

छातीत दुखणं, मूल न होणं, कर्ज फिटत नसणं, नवऱ्याचा मार, मुलाचं व्यसन. घरात, दवाखान्यात, वकिलाकडे जे तोंडातून निघत नाही, ते माणूस रात्री शोधाच्या चौकटीत लिहितो. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे जवळपास दोन कोटी शोध खुले केले. नावं काढून आकडे घातले होते, म्हणून सगळं सुरक्षित आहे असा समज. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी काही दिवसांत एका आकड्यामागची वृद्ध स्त्री तिच्या शोधांवरून हुडकून काढली आणि तिच्या दारात उभे राहिले. नाव, पत्ता, काही लागलं नाही. तिचे प्रश्न पुरले.

‘आम्ही इन्कॉग्निटोमध्ये शोधतो’ असं सांगणारे भेटतात. त्यांनी हे जाणून घ्यावं. त्या खिडकीने इतिहास फक्त तुमच्या फोनवरून पुसला जातो, समोरच्याच्या वहीतून नाही. याच मुद्द्यावर गुगलवर २०२० मध्ये अमेरिकेत दावा झाला. एप्रिल २०२४ मध्ये, इन्कॉग्निटोत वावरणाऱ्यांच्या गोळा केलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायला गुगल तडजोडीत तयार झालं. नष्ट करायच्या नोंदी होत्या, म्हणजे त्या साठवल्या होत्या.

इकोसिया इथे किती उपयोगी? चांगलं, पण पुरेसं नाही. तुमच्या शोधांवरून तुमची कुंडली मांडत नाही, माहिती जाहिरातदारांना विकत नाही, शोधांच्या नोंदी आठवड्याभरात निनावी करतो, असं कंपनीचं म्हणणं आहे. ते मी मान्य करतो. पण इकोसियाची शोधाची यंत्रणा स्वतःची नव्हती. बरीच वर्षं मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंगचे निकाल, आणि २०२३ पासून गुगलचेही. निकाल आणि जाहिराती आणण्यासाठी तुमचा शोध आणि आयपी पत्ता अशी काही माहिती त्या कंपन्यांकडे जाते. ज्याच्यापासून दूर जायला निघालो, त्याच्याच विहिरीवर बर्लिनची घागर भरते. हे वाचून इकोसिया टाकून देऊ नका, पण कोणता प्रश्न कुठे विचारायचा याचा विवेक ठेवा. रोजचे, बाजारातले, बसच्या वेळांचे प्रश्न इकोसियात विचारा. आजाराचे, कज्ज्याचे, मनाचे प्रश्न नेदरलँड्सच्या स्टार्टपेजमध्ये विचारा. ते गुगलसारख्या मोठ्या कंपन्यांचेच निकाल आणतं, पण तुमची ओळख दाराबाहेर ठेवून. किंवा ब्रिटनचं मोजीक. त्याची वेबपानांची यादी स्वतःची आहे. निकाल कमी सापडतील, पण तुम्ही कुणाला सापडणार नाही.

ही उसनवारी किती धोक्याची आहे, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टने बिंगचे निकाल बाहेरच्यांना पुरवणारी सर्वसाधारण सेवा बंद केली. मोठ्या भागीदारांचे करार टिकले, छोटे उघड्यावर पडले. इकोसियाने हे आधीच ओळखलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या क्वांट या सर्च इंजिनबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत युरोपची स्वतःची शोध-यादी उभारण्याची घोषणा केली आणि २०२५ मध्ये फ्रान्समध्ये त्या यादीतून निकाल यायला लागले. फ्रेंच, जर्मन अशा क्रमाने ते चाललं आहे.

आणि मराठी? २०११ च्या जनगणनेत आपण ८ कोटी ३० लाख होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाषेला अभिजात दर्जा मिळाला, सत्कार झाले. पण मराठीतल्या मजकुराची, रोज सर्रास वापरली जाणारी अशी स्वतःची शोध-यादी आज आपल्याकडे नाही. इकोसियात मराठीतून शोधलं की निकाल विरळ लागतात. जुनं मासिक, गावाची माहिती, एखादा शासन निर्णय शोधायचा तर मलाही अधूनमधून गुगलकडे जावं लागतं. हा दोष बर्लिनचा नाही. आपली विहीर आपणच खोदायला हवी.

विजेचा मुद्दा थोडक्यात. इकोसियाने २०१८ पासून सौर प्रकल्प उभारले आणि शोधांना लागते त्याच्या दुप्पट वीज त्यातून निघते, असं ते सांगतात. स्तुत्य आहे. पण भार वेगळीकडे वाढतो आहे. गुगलने स्वतःच्याच अहवालात मान्य केलं, की २०१९ च्या तुलनेत २०२३ मध्ये त्यांचं उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढलं. त्यात डेटा सेंटरच्या विजेचा मोठा वाटा आहे. आता प्रत्येक शोधाच्या डोक्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचं न मागितलेलं उत्तर येऊन बसतं. ‘पुणे ते सोलापूर रेल्वे’ एवढं विचारणाऱ्याला निबंधाची गरज नाही. इकोसियानेही अशी उत्तरं सुरू केली आहेत, याचं मला वाईट वाटतं. ती बंद करण्याची सोय दिली आहे. ती उत्तरं आधी बंद करा.

‘माझ्या एकट्याने काय होणार’ हा प्रश्न मी समजू शकतो, पण स्वीकारत नाही. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली आणि विद्यापीठाच्या संगणकांवर इकोसिया हे ठरलेलं सर्च इंजिन झालं. तिथून ही मोहीम इतर विद्यापीठांत गेली. एका माणसाने स्वतःचा फोन बदलला तर एक फोन बदलतो. संगणक कक्षाची सेटिंग बदलली तर वर्षानुवर्षं येणारी सगळी मुलं बदललेल्या चौकटीतून शोधतात. गुगल ज्या युक्तीवर हजारो कोटी खर्च करतं, ती युक्ती महाविद्यालयाला फुकट करता येते.

म्हणून प्राचार्यांना, ग्रंथपालांना, जिल्हा परिषदेच्या शाळेत चार संगणक जपणाऱ्या शिक्षकांना विनंती. पर्यावरण दिनाला रोप लावा, जरूर लावा, त्याला तीन उन्हाळे पाणी घाला. त्याच दिवशी संगणक कक्षात जा, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिन’ शोधा आणि मुलांसमोर बदला. कोण पैसे कमावतं, ते कुठे जातात, माहिती कुणाकडे पोचते, हे तिन्ही प्रश्न फळ्यावर लिहा. इकोसिया नको वाटलं तर दुसरं घ्या, आणि सगळं तपासून गुगलच ठेवावंसं वाटलं तर तेही ठेवा. पण ते तुम्ही ठरवा.